परीक्षेचे कंत्राट आणि जबाबदारीचा हिशेब

(शिक्षक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



२००८ सालच्या जुलै महिन्यात इंग्लंडमधील हजारो शाळा एका निकालाची वाट पाहत होत्या. अकरा आणि चौदा वर्षे वयाच्या सुमारे १२ लाख मुलांनी मे महिन्यात राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या चाचण्या दिल्या होत्या आणि त्यांचे गुण ८ जुलैला शाळांच्या हाती पडावयाचे होते. ते पडले नाहीत. तारीख आठवड्याने पुढे ढकलण्यात आली, आणि चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्याहूनही पुढे. ही नवी तारीखही पुरती पाळली गेली नाही. काही शाळांना उन्हाळी सुटी लागेपर्यंत सर्व गुण मिळाले नव्हते. काही शाळांकडे न तपासलेल्या उत्तरपत्रिका जशाच्या तशा परत आल्या. हे सारे काम ज्या संस्थेकडे होते तिला पाच वर्षांसाठी १५ कोटी ६० लाख पौंडांचे कंत्राट देण्यात आले होते, आणि हे त्या कंत्राटाचे पहिलेच वर्ष होते.

परदेशातील या घटनेकडे आपण आज का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर ओघात येईलच. तूर्त एवढेच सांगणे पुरे की, राष्ट्रीय पातळीवरील शालेय परीक्षेचे काम खाजगी कंत्राटावर दिले असता जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेथे जितक्या उघडपणे चर्चिला गेला तितका अन्यत्र क्वचितच चर्चिला गेला असेल. कंत्राटाची रक्कम जाहीर झाली, स्वतंत्र चौकशी झाली, संसदीय समितीपुढे साक्षी झाल्या. त्यामुळे एरवी बंद कपाटात राहणारी यंत्रणा आपल्याला आतून पाहावयास मिळते.

या चाचण्यांचे मूळ १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यात आहे. थॅचरबाईंच्या सरकारने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला आणि त्याबरोबर ठराविक वयातील सर्व मुलांच्या चाचण्याही. या चाचण्यांवर मुलांचे पास-नापास फारसे अवलंबून नव्हते. त्यांचा उपयोग शाळांची तुलना करण्यासाठी होता. निकालांचे तक्ते वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होऊ लागले, पालकांनी ते पाहून शाळा ‘निवडावी’ अशी कल्पना होती, आणि मुख्याध्यापकाची नोकरी त्या तक्त्यातील क्रमांकाला टांगली गेली. शिक्षणाचा बाजार मांडावयाचा तर मालावर किमतीची चिठ्ठी हवी. ती चिठ्ठी या चाचण्यांनी पुरविली.

शिक्षकांनी हे मुकाट्याने स्वीकारले नाही. १९९३ मध्ये तेथील शिक्षक संघटनांनी चाचण्यांवर बहिष्कार पुकारला. लंडनमधील एक नगरपरिषद संघटनेविरुद्ध न्यायालयात गेली; परंतु हा कामाच्या बोजाविषयीचा तंटा असून कायदेशीर आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि अपिलातही तो टिकला. सरकारला नमते घ्यावे लागले. चाचण्या कमी झाल्या आणि वरच्या दोन वयोगटांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनी आपापल्या शाळेत तपासण्याऐवजी बाहेरच्या परीक्षकांनी सरकारी खर्चाने तपासाव्यात, असे पुढे ठरले.

शिक्षकांचा हा विजय खराच होता. परंतु त्याच फटीतून कंत्राटदार आत आला, हेही नमूद केले पाहिजे. बोजा हलका झाला, पण काम शाळेबाहेर गेले. आणि एकदा बाहेर गेलेले काम निविदेच्या कागदावर चढावयास वेळ लागत नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला, तेव्हा सरकारला बोलणी करावी लागली, कारण तपासणीचे काम अद्याप शिक्षकांच्याच हाती आहे. हे हत्यार ज्यांच्यापाशी आहे त्यांनी इंग्लंडचा हा इतिहास लक्षात ठेवावा.

२००७ च्या फेब्रुवारीत कंत्राट झाले तेव्हा जबाबदारीची उतरंड कशी होती, ती पाहण्यासारखी आहे. सर्वांत वर शिक्षणमंत्री. त्यांच्या खाली, परंतु त्यांच्यापासून ‘हातभर अंतरावर’ ठेवलेले, अभ्यासक्रम व पात्रता प्राधिकरण म्हणजे क्यूसीए. त्या प्राधिकरणाच्या पोटात राष्ट्रीय मूल्यमापन संस्था. तिच्याशी करार करणारी ईटीएस युरोप, म्हणजे नेदरलँड्समध्ये नोंदणी झालेली एक कंपनी. त्या कंपनीची मूळ संस्था अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात. पुढे गठ्ठ्यांची वाहतूक करणारे वेगळे, आणि सर्वांत तळाशी सुमारे दहा हजार परीक्षक, बहुतेक नोकरीतील किंवा निवृत्त शिक्षक, जे हंगामापुरते उत्तरपत्रिकांमागे मोबदला घेऊन घरी बसून तपासणी करीत. मंत्र्यांचे सोडा, या सर्वांचा मालक एक नव्हता.

यंत्रणा कोठे मोडली हे सर्वांत आधी कळले ते तळाच्या माणसांना. परीक्षकांचे प्रशिक्षण पूर्वी प्रत्यक्ष बैठकांतून होत असे. त्यातील बराच भाग संगणकावर नेण्यात आला. नेमणुकीचे कागद उशिरा आले. विद्यार्थ्यांची हजेरी संगणकावर एकेका नावाने तपासून नोंदवावयाची होती, आणि त्या याद्या अनेक ठिकाणी चुकीच्या निघाल्या. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर गुण भरण्याचे कामही परीक्षकांच्याच माथी होते, तेही प्रश्नागणिक. ज्याने बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचा एखादा गठ्ठा तपासला आहे त्याला हे सांगावयास नको की, लाल पेनाने गुण देणे वेगळे आणि तेच गुण रखडणाऱ्या संगणकात पुन्हा भरत बसणे वेगळे. मे उलटून जून आला तरी कोणाकडे गठ्ठा पोचलेला नाही, कोणाकडे भलत्याच विषयाचा पोचला आहे, अशी स्थिती होती. मदतीच्या दूरध्वनीवर कोणी उचलत नसे आणि पाठवलेल्या ई-मेलना उत्तर येत नसे. अनेक अनुभवी परीक्षकांनी कंटाळून काम सोडले. मग त्यांची जागा भरण्यासाठी घाईघाईने तपासणी केंद्रे उघडण्यात आली.

वर्तमानपत्रांना पत्रे लिहून, एकमेकांत बोलून परीक्षक ओरडत होते. परंतु कराराचे दोन पक्ष होते, प्राधिकरण आणि कंपनी. परीक्षक त्यांपैकी कोणीच नव्हता. त्याच्या तक्रारीची नोंद करण्यासाठी करारात जागा नव्हती. उलट कंपनीकडून वर जाणारे अहवाल सर्व काही आटोक्यात असल्याचे सांगत होते, प्राधिकरण तेच मंत्रालयाला सांगत होते, आणि मंत्री तेच संसदेला. आश्वासने खालून वर चढत गेली. उत्तरपत्रिका मात्र होत्या तेथेच राहिल्या.

ऑगस्टच्या मध्यास करार संपुष्टात आणल्याचे जाहीर झाले. कंपनीने १ कोटी ९५ लाख पौंड परत करावयाचे आणि ४६ लाख पौंडांची बिले सोडून द्यावयाची, अशी तडजोड झाली. एकूण २ कोटी ४१ लाख. वृत्तपत्रांतून हा आकडा कंत्राटदाराला घडलेल्या शिक्षेसारखा छापला गेला. वस्तुतः तो काय होता? न झालेल्या किंवा बिघडलेल्या कामाच्या मोबदल्याचा काही भाग परत घेणे, एवढेच. गवंड्याने बांधलेली भिंत कोसळल्यावर त्याने मजुरीपैकी थोडे पैसे परत दिले, तर त्याला भिंतीची भरपाई म्हणत नाहीत. शाळांनी पुनर्तपासणीवर घालविलेले तास, परीक्षकांच्या वाया गेलेल्या संध्याकाळी, चुकीच्या आकड्यावरून हिणवली गेलेली एखादी गरीब वस्तीतील शाळा, यांचा त्या तडजोडीत कोठे हिशेब नव्हता. तो असणेही शक्य नव्हते, कारण हे सारे लोक कराराच्या बाहेरचे होते.

चौकशीसाठी सरकारने लॉर्ड सदरलँड यांची नेमणूक केली. ते पूर्वी इंग्लंडच्या शाळा तपासणी खात्याचे प्रमुख होते. डिसेंबर २००८ मध्ये त्यांचा अहवाल आला. कंपनीवर तर त्यात ठपका होताच, परंतु कामावर देखरेख ठेवण्यात क्यूसीएही अपयशी ठरल्याचे अहवालाने स्पष्ट केले. पूर्ण यंत्रणा आरंभापासून शेवटपर्यंत एकदा चालवून पाहण्याची साधी खबरदारीही पुरेशी घेतली गेली नव्हती. प्राधिकरणाचे प्रमुख केन बोस्टन यांनी अहवाल येण्यापूर्वीच राजीनामा देऊ केला. त्यांना निलंबित करण्यात आले. पुढच्या वर्षी संसदीय समितीपुढे बोस्टन यांनी मंत्रालयाकडे बोट दाखविले. प्राधिकरणाच्या बैठकांना खात्याचे निरीक्षक हजर असत हे त्यांनी निदर्शनास आणले, आणि मंत्र्याने चौकशीला पुरविलेल्या माहितीवरही आक्षेप घेतला. शिक्षणमंत्री एड बॉल्स मात्र २०१० च्या निवडणुकीपर्यंत आपल्या जागी होते.

म्हणजे कंपनीने काही पैसे परत केले, मधला अधिकारी गेला, प्राधिकरणाचे नाव बदलून पुढे तेही बंद झाले, आणि ज्यांनी परीक्षेचे काम बाजारात नेण्याचे धोरण ठरविले त्यांना कोणी जाब विचारला नाही. ‘हातभर अंतर’ या शब्दप्रयोगाचा अर्थ येथे कळतो. श्रेय घ्यावयाचे असते तेव्हा तो हात पोचतो. खापर फुटावयाचे असते तेव्हा अंतर आडवे येते.

येथे आपल्या बाजूने होणाऱ्या एका घाईबद्दल बोलणे भाग आहे. नफेखोर कंपनी, म्हणून घोटाळा, असे सांगून मोकळे होण्याचा मोह आपल्या वक्त्यांना फार होतो. परंतु ईटीएस ही मूळ अमेरिकन संस्था १९४७ साली स्थापन झालेली असून कायद्याने ती ना-नफा संस्था आहे. कंत्राट तिच्या उपकंपनीने घेतले होते हे खरे. तरीही केवळ भागधारकांच्या लाभांशाकडे बोट दाखवून येथे भागत नाही. ना-नफा संस्थाही जेव्हा निविदेच्या शर्यतीत उतरते तेव्हा ती कंत्राटदारच होते. तिलाही कमी दर द्यावा लागतो, अधिक आश्वासने द्यावी लागतात, बिघाड लपवावा लागतो. दोष संस्थेच्या सनदेत शोधण्यापेक्षा या नात्यात शोधला पाहिजे.

कंत्राट देण्यापूर्वी सावधगिरीला कारण नव्हते असेही नाही. अमेरिकेत २००३–०४ मध्ये याच संस्थेच्या एका शिक्षक पात्रता परीक्षेत गुणांची चूक झाली आणि सुमारे ४,१०० उमेदवारांना, ते उत्तीर्ण असूनही, नापास ठरविण्यात आले. २००६ मध्ये त्या दाव्यात १ कोटी ११ लाख डॉलरची तडजोड झाली. इंग्लंडमधील करार त्यानंतर वर्षभरात झाला.

त्याही आधीचे मिनेसोटा राज्यातील प्रकरण आपल्या दृष्टीने अधिक बोलके आहे. २००० साली तेथे शालेय गणिताच्या सक्तीच्या परीक्षेत एका खाजगी कंपनीने उत्तरसूचीत चूक केली, आणि सुमारे ८,००० विद्यार्थी नाहक नापास ठरले. काहींना शाळेच्या शेवटच्या वर्षी पदविका नाकारली गेली. ही चूक कंपनीने शोधली नाही, राज्याच्या शिक्षण खात्यानेही नाही. एका मुलीच्या बापाने आपल्या लेकीची प्रश्नपत्रिका व उत्तरे प्रत्यक्ष पाहू द्या, असा हट्ट धरला आणि ती उघड झाली. देखरेखीची सारी कलमे, सारे तज्ज्ञ, सारे अहवाल एका बाजूला, आणि कागद डोळ्यांनी पाहण्याचा बापाचा हट्ट एका बाजूला.

इंग्लंडमध्ये त्यानंतर काय झाले ते थोडक्यात. ऑक्टोबर २००८ मध्ये चौदा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या सरकारने एका घोषणेने रद्द केल्या. त्या अपरिहार्य आहेत असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. २०१० मध्ये अकरा वर्षांच्या चाचण्यांवर संघटनांनी बहिष्कार टाकला, तेव्हा सुमारे एक-चतुर्थांश शाळांत त्या झाल्याच नाहीत. पण कंत्राट मात्र हात बदलत राहिले. २००९ चे काम पीअर्सनच्या मालकीच्या एडेक्सेलकडे गेले. २०१८ मध्ये कॅपिटा या कंपनीची निवड झाली, आणि २०२२ च्या चाचण्यांत पुन्हा हरवलेल्या उत्तरपत्रिका, वैतागलेले परीक्षक आणि न उचललेले दूरध्वनी. त्यानंतर पुन्हा पीअर्सन.

आता आपल्या देशाकडे येऊ. विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनासाठी एनसीईआरटीअंतर्गत ‘परख’ हे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. त्याच्या उभारणीत तांत्रिक साहाय्य करण्याचे काम २०२३ च्या सुरुवातीस ज्या संस्थेला देण्यात आले ती हीच ईटीएस. ४ डिसेंबर २०२४ रोजी परखचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांहून अधिक मुलांची चाचणी ७८१ जिल्ह्यांतील ७४ हजारांहून अधिक शाळांत घेण्यात आली. या सर्वेक्षणात इंग्लंडसारखा गोंधळ झाला असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ज्या संस्थेचा पूर्वेतिहास ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे तिच्याशी करार करताना तो विचारात घेतला होता काय, कामाची कोणती जबाबदारी तिच्याकडे आहे आणि चूक झाल्यास काय, हे विचारण्याचा हक्क मुलांना शिकविणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना नक्कीच आहे.

सरकार म्हणेल, त्यासाठी कायदा केला आहे. २०२४ चा सार्वजनिक परीक्षा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. त्यात परीक्षेचे काम करणाऱ्या सेवापुरवठादाराला १ कोटी रुपयांपर्यंत दंड, परीक्षेच्या खर्चाच्या प्रमाणात वसुली आणि चार वर्षे बंदी, अशी तरतूद आहे. वाचावयास कडक वाटते. परंतु कायद्याचा रोख गैरमार्गावर, पैशासाठी वा अन्य गैरफायद्यासाठी केलेल्या कृत्यावर आहे. इंग्लंडमध्ये २००८ साली कोणी प्रश्नपत्रिका विकली नव्हती. तेथे झाला तो निव्वळ नाकर्तेपणा, आणि नाकर्तेपणा या कायद्याने गुन्हा ठरत नाही. शिवाय कायद्याच्या परिशिष्टात भरती परीक्षा आणि राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या परीक्षा आहेत. शालेय मंडळांच्या परीक्षांचे नाव त्यात नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेचा गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी उघडकीस आणला, तेव्हा काम केलेल्या खाजगी कंपनीच्या संचालकाबरोबर राज्य परीक्षा परिषदेच्या प्रमुखालाही अटक झाली. सात हजारांहून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. तेव्हा ‘सरकारी करा, म्हणजे सारे स्वच्छ’ ही घोषणा पुरेशी नाही. कार्यालय सरकारी असो की कंपनीचे, शिक्षकांचा आणि पालकांचा डोळा जेथे पोचत नाही तेथे दोघांची भागीदारी जमते. मागणी करावयाची ती तपासणी कायमस्वरूपी सार्वजनिक सेवेत ठेवण्याची, आणि त्याबरोबरच परीक्षकांच्या संघटनेला देखरेखीत जागा मिळण्याची. गठ्ठा कोठे अडला हे ज्याला पहिल्या दिवशी कळते त्याची तक्रार लेखी नोंदली जावी, तिला ठराविक मुदतीत उत्तर मिळावे, आणि ती मंत्रालयापर्यंत कंत्राटदाराच्या हातून न जाता थेट जावी.

आपल्याकडे या बाबतीत एक साधन इंग्लंडपेक्षा कमी दर्जाचे नाही. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईविरुद्धच्या प्रकरणात निर्णय दिला की, विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते. मिनेसोटातील बापाला जो हट्ट धरावा लागला तो येथे हक्क आहे. कंत्राटाचे तसे नाही. करारपत्राची प्रत मागितली की माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मधील व्यापारी गोपनीयतेचा आधार पुढे केला जातो. त्याच कलमात व्यापक जनहितासाठी अशी माहिती देता येते असेही लिहिले आहे, हे फार थोडे लोक वाचतात. शिक्षक संघटनांच्या जिल्हा शाखांनी परखच्या आणि राज्य परीक्षा परिषदेच्या करारपत्रांसाठी, त्यांतील दंडाच्या कलमांसह, अर्ज करावेत आणि अर्जातच जनहिताचा मुद्दा मांडावा. उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे. नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि तेही फेटाळले गेले तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. केंद्राच्या संस्थेसाठी केंद्रीय आयोग, परिषदेसाठी राज्याचा.